उसाची रिकव्हरी की कारखान्याची?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळपासून चंदगडपर्यंत उसाचा हंगाम पेटला की ‘रिकव्हरी’, म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनात किती टक्के साखर निघाली तो आकडा, हा शब्द प्रत्येक पारावर ऐकू येतो. कारखान्याची रिकव्हरी किती लागली, शेजारच्याची किती, मागच्या साली किती होती, यावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपासून गावच्या सोसायटीपर्यंत वाद झडतात. वाद व्हायलाच हवेत, कारण या एका टक्केवारीवर जिल्ह्यातल्या लाखो घरांचं वर्षाचं उत्पन्न ठरतं. पण बहुतेक वाद टक्केवारी खरी की खोटी, एवढ्यावरच थांबतात. ती टक्केवारी नक्की कशाची, हा त्याआधीचा प्रश्न आहे. रिकव्हरी हा उसाचा गुण आहे असं धरून आपण बोलतो. प्रत्यक्षात तो ऊस, तोडणी, वाहतूक आणि कारखान्याची यंत्रं या सगळ्यांच्या कामाचा मिळून लागलेला निकाल आहे. उसाचा दर या निकालावर न बांधता उसात असलेल्या, काढता येण्याजोग्या साखरेवर बांधला पाहिजे, असं या लेखाचं म्हणणं आहे.

आधी शब्द पाहू. रिकव्हरी इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. मूळ क्रियापद ‘रेकुपेरारे’, अर्थ परत मिळवणे. त्यातल्या ‘कव्हर’चा झाकण्याशी काही संबंध नाही, झाकण्याचा ‘कव्हर’ वेगळ्याच लॅटिन धातूतून आलेला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा प्रामुख्याने कोर्टाचा शब्द होता. निकालाच्या जोरावर जमिनीचा हक्क किंवा ताबा परत मिळवणं म्हणजे रिकव्हरी. पुढे याच नावाचा एक ठरवून केलेला लुटुपुटीचा दावा तिथले जमीनदार वारसाहक्काच्या अटी मोडण्यासाठी वापरू लागले. १८३३ च्या कायद्याने तो प्रकार बंद झाला. मधल्या काळात आजारातून उठणं हा अर्थ रुजला. नंतर खाणी आणि रसायनांच्या धंद्यात कच्च्या मालातून हवा तो पदार्थ वेगळा काढणं यालाही रिकव्हरी म्हणू लागले. साखर कारखान्यात आलेला अर्थ हा शेवटचा.

कोल्हापुरात हे सगळे अर्थ एकाच वेळी वापरात आहेत. दवाखान्यात डॉक्टर ‘रिकव्हरी चांगली आहे’ म्हणतात तेव्हा बरं होणारा पेशंट असतो. बँकेची रिकव्हरी म्हणजे वसुली. तिथे पैसे परत मिळवणारी बँक असते. पोलीस चोरीचा माल रिकव्हर करतात. प्रत्येक ठिकाणी परत मिळवणारा कोण हे स्पष्ट आहे. साखरेच्या बाबतीत मिळवणारा कारखाना आहे. म्हणजे हा शब्द मुळातच कारखान्याच्या बाजूने पाहणारा आहे: आत गेलेल्या उसातून पोत्यात किती साखर आली. साखर तंत्रज्ञाला हेच मोजायचं असतं आणि त्याच्या कामापुरता शब्द अगदी बरोबर आहे. अडचण होते ती त्याच आकड्याला शेतकऱ्याच्या मालाची प्रत समजून त्यावर दर लावला जातो तेव्हा.

रिकव्हरीसाठीचा आपला मराठी शब्द ‘उतारा’ गुऱ्हाळावरही चालतो, आणि तिथे तो चपखल बसतो. गुऱ्हाळावर ज्याचा ऊस त्याचंच आधण. रस त्याच्या उसाचा, काहिलीत शिजतो तो त्याचा, रवे निघतात तेही त्याचे. टनाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. कुणाला कमी पडला तर कारण त्याच्या फडात किंवा त्या दिवशीच्या गुळव्याच्या हातात शोधता येतं. कारखान्यात हजारो शेतकऱ्यांचा ऊस एकाच गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पडतो. तिथून पुढे कुणाचा उतारा कुणाचा, हे सांगायची सोय राहत नाही. शब्द मात्र तोच राहिला, त्यामुळे अर्थही तोच राहिला असं वाटत राहतं.

आता कारखान्याच्या आतला हिशोब. आलेल्या उसात १४ टक्के साखर आहे असं धरू. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘पोल’ १४. ही सगळी पोत्यात येत नाही. काही बगॅसबरोबर (रस काढल्यावरचा चोथा) बॉयलरला जाते, थोडी प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावरचा गाळ), सगळ्यात जास्त मळीत, आणि काही कुठे गेली याचा पत्ता लागत नाही, तिला ‘अज्ञात घट’ म्हणतात. चांगल्या चाललेल्या कारखान्यात या घटी अशा असू शकतात: बगॅस ०.६०, प्रेसमड ०.०८, मळी १.१५, अज्ञात ०.१२. बेरीज १.९५, म्हणजे रिकव्हरी १२.०५. आता तोच ऊस अशा कारखान्यात नेऊ जिथे रोलर झिजलेत, बगॅसवर मारायचं पाणी कमी पडतंय, टर्बाइन वरचेवर बंद पडतंय आणि रस टाक्यांत तासन्‌तास थांबतोय. बगॅस ०.८०, प्रेसमड ०.१०, मळी १.२५, अज्ञात ०.२०. बेरीज २.३५, रिकव्हरी ११.६५. ऊस तोच, शेतकरी तोच, ०.४० टक्का गेला.

या ०.४० ची किंमत काढता येते. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. चार टप्पे म्हणजे क्विंटलला १३.८४, टनाला १३८ रुपये ४० पैसे. ४० टन ऊस घालणाऱ्याला ५,५३६ रुपयांचा फटका. त्याने खत चुकवलं नाही, पाणी चुकवलं नाही. चूक यंत्रं न बदलणाऱ्याची, आणि भरपाई त्याच्या बिलातून.

एफआरपीसाठी आदल्या हंगामाची रिकव्हरी धरायची पद्धत आहे, त्यामुळे हा फटका एका वर्षाने बसतो आणि कारणाशी त्याचा संबंध जोडणं आणखी अवघड होतं. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालू हंगामाची रिकव्हरी धरून दोन हप्त्यांत पैसे द्यायची मुभा दिली होती. राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे आणि उशिराला १५ टक्के व्याज असं स्पष्ट लिहिलेलं असताना हप्ते पाडणं चूकच होतं. पण रिकव्हरी मागच्या सालची की या सालची, या भांडणात ती कुणाची हे विचारायचं राहूनच गेलं.

रिकव्हरी बिघडवणारी सगळी कारणं कारखान्याच्या आत आहेत असं नाही. ऊस कच्चा तुटला तर साखर भरलेलीच नसते. लागणीच्या हंगामाप्रमाणे मुदत वेगळी: ‘सुरू’ लागणीला १२ महिने, पूर्वहंगामीला १४-१५, आडसालीला १६ ते १८ महिने लागतात. टोळी लवकर मिळाली म्हणून दहाव्या महिन्यात कोयता लावला तर नुकसान ठरलेलं. तोडीच्या आधी १५-२० दिवस पाणी तोडलं नाही, युरिया उशिरापर्यंत चालू ठेवला, तर कांडी वाढत राहते आणि साखर साठत नाही. मोळीत पाचट आणि वाढं आलं तर त्यात साखर नसते पण वजन असतं. १०० टनांत ५ टन पाचट असेल, तर स्वच्छ उसाचा १२ टक्के उतारा नुसत्या वजनानेच ११.४ वर येतो, शिवाय ते पाचट रस शोषून बाहेर नेतं ते वेगळंच.

आणि शिळा ऊस. तुटल्यापासून कांडीतली साखर मोडायला लागते. तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ते दाणेदार साखरेत येत नाही, उलट मळी वाढवतं. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरले की चिकट डेक्स्ट्रान तयार होतं, त्यामुळे रस गाळायला आणि पाक शिजवायला त्रास होतो. म्हणून २४ तासांच्या आत गाळप झालं पाहिजे असा दंडक आहे. जळीत ऊस तर याहून लवकर बिघडतो. पण कारखान्याच्या गेटबाहेर ट्रॅक्टरची दोन दिवस रांग लागली तर तो उशीर कुणाचा? पाळीपत्रक कारखान्याचं, टोळीचा करार कारखान्याचा, रांग कारखान्याच्या आवारातली. एकट्या सरासरी रिकव्हरीत हे सगळं मिसळून जातं. कच्चा तोडलेला, शिळा झालेला आणि यंत्रात वाया गेलेला, तिन्हींची घट एकाच आकड्यात दिसते. आणि जो आकडा कारण सांगत नाही, त्याने कुणाचीच वागणूक सुधारत नाही.

वागणुकीचा मुद्दा पैशांत मांडून बघण्यासारखा आहे. प्रत्येकी एक एकर ऊस असलेले दोन शेतकरी धरा. एकाने भरपूर टनेज देणारी जात लावली, नत्र सोडलं: ५० टन, साखर ११ टक्के. दुसऱ्याने गोडीची जात लावली, वेळेवर पाणी तोडलं: ४२ टन, साखर १२.८ टक्के. कारखान्याची सरासरी १२. आजच्या पद्धतीने दोघांना टनाला ४,१५५ रुपये ५० पैसेच. तोडणी-ओढणी वजा करण्याआधी पहिल्याला २,०७,७७५ रुपये, दुसऱ्याला १,७४,५३१. फरक ३३ हजारांवर. दोघांच्या उसातली साखर मात्र जवळजवळ सारखी आहे, साडेपाच टन आणि ५.३८ टन. आपापल्या उताऱ्याने पैसे दिले असते तर पहिल्याला १,९०,४७५ आणि दुसऱ्याला १,८६,१५७ मिळाले असते. फरक सव्वाचार हजारांच्या आसपास, शिवाय दुसऱ्याचा आठ टनांचा तोडणी-ओढणीचा खर्च वाचला असता तो वेगळा. ‘शेतकरी नुसत्या टनाच्या मागे लागलाय’ अशी तक्रार साखर धंद्यात सारखी ऐकू येते. त्याला टनाच्या मागे लागायला शिकवलं ते याच सरासरीने. फुले २६५ ही जास्त टनेजची जात लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो हिशोब बरोबर करतोय.

इथेनॉलने तर रिकव्हरी या शब्दाचा मूळ अर्थच मोडला आहे. पूर्वी साखर पूर्ण काढून उरलेली ‘सी’ मळी डिस्टिलरीला जायची. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर ‘बी हेवी’ मळी (जिच्यात थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते), रस आणि पाकही इथेनॉलला वळू लागला. बी हेवीला साधारण दीड टक्का साखर मळीतच राहते, म्हणून पोत्यांचा हिशोब केला तर रिकव्हरी पडलेली दिसते. त्यात शेतकऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून वळवलेली साखर हिशोबात परत धरली जाते, त्याची तपासणी आणि प्रमाणपत्र होतं, आणि मग एफआरपीची रिकव्हरी ठरते. हे योग्यच आहे. पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या: जी साखर कधी तयारच झाली नाही तीही आपण रिकव्हरीत मोजतोय. मिळालेल्या साखरेवरून मिळू शकणाऱ्या साखरेकडे आपण अर्धं अंतर आधीच चालून आलो आहोत. फक्त तो हिशोब शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर येत नाही, त्यामुळे ‘रिकव्हरी चोरली’ हा संशय दरवर्षी उठतो आणि त्याला उत्तर द्यायला कुणाकडे कागद नसतो.

इंग्रजीत एका प्रत्ययाचा फरक आहे: रिकव्हर्ड आणि रिकव्हरेबल, हाती आलेली आणि हाती येऊ शकणारी. जगातले मोठे ऊस उत्पादक दुसरा शब्द धरून दर ठरवतात. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ‘एटीआर’वर पैसे मिळतात, त्या नावाचाच अर्थ एकूण काढता येण्याजोगी साखर. दक्षिण आफ्रिकेत ‘रिकव्हरेबल व्हॅल्यू’ आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला ‘सीसीएस’ (कमर्शियल केन शुगर, उसातून काढता येणारी साखर) शंभर वर्षांहून जुना आहे. तिथे यंत्र झिजलं तर तोटा यंत्राच्या मालकाला होतो, कारण उसाची किंमत गव्हाणीच्या आधीच किंवा पहिल्या रसावर ठरलेली असते.

सीसीएस आपल्याकडे परका नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटपासून कारखान्याच्या प्रयोगशाळेपर्यंत सगळे तो काढतात. नेहमीचं सूत्र असं: रसाच्या ब्रिक्समधून (रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांच्या टक्केवारीतून) पोल वजा करा, उत्तराला ०.४ ने गुणा, ते पोलमधून वजा करा, आणि जे येईल त्याला ०.७३ ने गुणा. ब्रिक्स २०, पोल १८ असेल तर फरक २, त्याचे ०.८, १८ मधून गेले १७.२, गुणिले ०.७३, म्हणजे १२.५६. ब्रिक्स तेच २०, पण पोल १६.५ असेल तर उत्तर ११.०२. म्हणून फडात हातातल्या, ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर २० दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. ब्रिक्समध्ये साखरेबरोबर ग्लुकोज, क्षार आणि बाकीचं सगळं मोजलं जातं. दीड टक्क्याचा फरक त्याला दिसतच नाही. रिफ्रॅक्टोमीटर तोड ठरवायला उपयोगी. शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स जवळ आला की ऊस पक्व. दर ठरवायला पोल मोजणारा पोलारीमीटर लागतो.

एवढ्या छोट्या शेतकऱ्यांचा ऊस कसा तपासणार, हा आक्षेप नेहमी येतो. याच जिल्ह्यात गावोगावच्या दूध संस्थांत दिवसातून दोन वेळा, दोन-तीन लिटर दूध घालणाऱ्याचंही फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) तपासून पावती मिळते. म्हशीच्या दुधाला ६ फॅट, ९ एसएनएफ हे आकडे घरातल्या पोरांनाही पाठ आहेत. शंभर-दीडशे रुपयांच्या दुधाची तपासणी होते आणि १५ टनांच्या, ६० हजार रुपयांच्या ट्रॅक्टरभर उसाचं फक्त वजन होतं. हे तंत्राअभावी घडतंय असं म्हणणं टिकत नाही.

तपासणीत खऱ्या अडचणी आहेत, आणि त्या लपवून चालणार नाही. ट्रॉलीत वरून एका जागी नळी घुसवून घेतलेला नमुना त्या जागेपुरताच खरा. मोळ्या उभ्या-आडव्या असतील तर तो चुकतो, म्हणून तिरका आणि एकाहून जास्त जागी घ्यावा लागतो. बैलगाडीला हे यंत्र गैरसोयीचं. एका खेपेत दोघांचा ऊस आला तर नमुना कुणाच्या नावावर? आणि सगळ्यात मोठी अडचण विश्वासाची: ज्याच्या काट्यावरच संशय आहे त्याच्या प्रयोगशाळेवर विश्वास का ठेवायचा? नमुन्याचे तीन भाग करून एक कारखान्याकडे, एक शेतकऱ्याच्या नावाने सीलबंद, एक तिसऱ्या पक्षाकडे, हा मार्ग आहे. पण रस काही तासांत खराब होतो, तेव्हा तिसऱ्या पक्षाची सोय आवारातच असावी लागेल आणि तिचा पगार कारखान्याने देता कामा नये.

दुसरी भीती जास्त रास्त आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुटलेल्या उसाला साखर कमीच भरते. रात्री थंड पडल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत ती वाढते. स्वतःच्याच टक्क्यावर पैसे दिले तर ज्याची पाळी आधी आली तो मरेल आणि पाळी ठरवणाऱ्याच्या हातात आणखी एक हत्यार येईल. यावर क्वीन्सलँडची तुलनात्मक पद्धत उपयोगी आहे. त्या आठवड्यात आलेल्या सगळ्या उसाची सरासरी १०.८ असेल आणि तुमचा ऊस ११.३ निघाला, तर तुम्ही ०.५ ने वर. हंगामाची सरासरी १२ आली की तुमचा उतारा १२.५ धरायचा. आधी तुटला म्हणून शिक्षा नाही, शेजाऱ्यापेक्षा चांगला पिकवला म्हणून बक्षीस. चिठ्ठीवर तोडीची वेळ चिटबॉयने (कारखान्याच्या फडावरच्या नोंदणी कर्मचाऱ्याने) नोंदवायची आणि २४ तासांनंतरची घट कारखान्याने सोसायची, हे कलमही त्यात असलं पाहिजे. नाहीतर रांगेचा तोटा पुन्हा फडाच्या माथी येईल.

सरासरीचा एक सामाजिक उपयोग आहे, तो मान्य करायला हवा. क्षारपड रानातला, महापुरात बुडालेला, खोडव्याचा ऊस आज सरासरीच्या आधाराने दर घेतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगाकाठच्या उसाला स्वतःच्या टक्क्यावर दर दिला असता तर माणसं उठलीच नसती. म्हणून सगळा दर वैयक्तिक करणं बरोबर होणार नाही. फरकाचा निम्मा भाग शेतकऱ्याच्या नावावर आणि निम्मा सगळ्यांत, अशी सुरुवात व्हावी. एफआरपी हा तळ तसाच राहावा आणि कुणाला त्याखाली जाऊ देऊ नये.

हा बदल टप्प्याने करावा लागेल, पण पहिल्या टप्प्याला कुठलंही नवं यंत्र लागत नाही. रिकव्हरी हा एकटा आकडा ‘तांत्रिक’ म्हणून समोर येतो, त्यामुळे त्याच्याभोवतीचे बदल न कळता होऊन जातात. एफआरपीचा आधार उतारा २०१८-१९ ला ९.५ वरून १० झाला. दर २५५ वरून २७५ झाला, वीस रुपये वाढले अशी बातमी आली. जुन्या आधाराने १० टक्क्याला २६८.४० मिळतच होते. खरी वाढ ६ रुपये ६० पैसे. २०२२-२३ ला आधार १०.२५ झाला; २९० चे ३०५, पण जुन्या हिशोबाने २९७.२५ होतच होते. याचा फटका कोल्हापूरलाही बसला, चर्चा मात्र फारशी झाली नाही.

म्हणून येत्या हंगामापासून प्रत्येक ऊस बिलावर किंवा कारखान्याच्या गेटवरच्या फलकावर दर आठवड्याला हे सहा आकडे यावेत: उसातला पोल, बगॅसमधली घट, प्रेसमडमधली घट, मळीतली घट, अज्ञात घट, आणि इथेनॉलकडे वळवलेल्या साखरेमुळे मिळवलेली वाढ. हे आकडे प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेत आजही रोज लिहिले जातात. कोल्हापूरच्या प्रादेशिक साखर सहसंचालकांनी ते जाहीर करायला सांगावं, आणि शेतकरी संघटनांनी आंदोलनाच्या मागण्यांत दराच्या आकड्याच्या खाली ही एक ओळ घालावी. अज्ञात घट ०.१२ आहे की ०.३०, हे एकदा फलकावर लिहिलं गेलं की कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद कुणाला काय विचारतील ते ठरेल.